टीडीएस पेन: शाळेच्या प्रकल्पासाठी कसा आहे, आणि निकाल उलटा आला तर आधी काय तपासायचं

शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतलं कृतिसंशोधन असो की राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा प्रकल्प, पाण्याचा विषय हमखास असतो. आणि पाण्याचा विषय आला की घरात टीडीएस पेन येतो, पाण्यात किती पदार्थ विरघळलेत त्याचा आकडा दाखवणारा. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या खिशात असतो तोच हा. वर छोटा पडदा, खाली दोन धातूच्या पिना, त्यावर टोपण. ऑनलाइन किंवा आरओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात साधारण दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळतो. त्याच्यावरच्या बहुतेक अभिप्रायांत ‘आमच्या आरओचं पाणी ४५ दाखवतो, मस्त’ एवढंच असतं. इथे तो एका वेगळ्या कामासाठी पारखला आहे. मुलांनी मांडलेलं गृहीतक एक सांगतंय आणि पडदा दुसरंच दाखवतोय, अशा वेळी चूक नेमकी कुठे आहे हे शोधायला हा पेन कितपत उपयोगी पडतो?

आधी निर्णय सांगून टाकतो: घ्यावा. मात्र त्याच्यासोबत ३४२ पीपीएमचं (पीपीएम म्हणजे साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) प्रमाण द्रावण, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं द्रावण (पुडी किंवा छोटी बाटली), दोन-तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि सोनं मोजायचा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा डिजिटल काटा घ्यावा. नुसता पेन घेतला तर निकाल उलटा आल्यावर दोष पेनाचा, कृतीचा की गृहीतकाचा, हे ठरवायचा मार्गच उरत नाही. मग प्रकल्पवहीत खाडाखोड सुरू होते, आणि ज्या क्षणी मुलांना खरं विज्ञान शिकायला मिळालं असतं तोच क्षण हातातून जातो.

पेन नेमकं काय मोजतो

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, हे सगळ्यांना पाठ असतं. पेन मात्र घन पदार्थ मोजत नाही. तो दोन पिनांमधून पाण्यात वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि त्या वाहकतेला एका ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. बहुतेक स्वस्त पेनांत हा गुणक ०.५ असतो, कारण ते मिठाच्या द्रावणावर बेतलेले असतात. काही पेनांत ०.६४ किंवा ०.७ असतो. त्यामुळे एकाच ग्लासात दोन कंपन्यांचे पेन बुडवले तर एक ३०० आणि दुसरा ४२० दाखवू शकतो, आणि दोन्ही पेन धडधाकट असू शकतात. प्रकल्पात एकच पेन शेवटपर्यंत वापरायचा आणि त्याचा गुणक माहितीपत्रकातून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवायचा. वर्गातल्या दुसऱ्या गटाच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर हे पान लागतंच.

या एका गोष्टीतून निम्मे उलटे निकाल उलगडतात. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ग्रॅम साखर विरघळवली तर टीडीएस १०,००० व्हायला हवा, असं गृहीतक कुणीही मांडेल. पेनाचा आकडा जेमतेम हलतो. साखरेचे रेणू पाण्यात अख्खेच राहतात, त्यांचे विद्युतभारित आयन होत नाहीत, म्हणून वीज वाहायला त्यांची काही मदत नाही. गृहीतक चुकीचं नव्हतं, पेनही बिघडलेला नव्हता. प्रश्न आणि साधन यांचाच मेळ नव्हता. हे ओळखायचा मार्ग म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने मोजून पाहणं. हलकी स्टीलची वाटी कोरडी करून काट्यावर तोला, त्यात द्रावण थोडं थोडं ओतत मंद आचेवर आटवा, शेवटचं पाणी उन्हात उडू द्या आणि वाटी पुन्हा तोला. साखरेसाठी १०० मिली पुरे. काट्यावर १ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यासाठी मात्र अख्खं लिटर आटवावं लागतं, कारण ४०० पीपीएमच्या पाण्यात लिटरमागे फक्त ०.४० ग्रॅम ऐवज असतो. शेवटी आच मोठी ठेवली तर थेंब उडतात आणि वजन कमी भरतं, तेवढं सांभाळायचं.

आकडा फसवतो त्या जागा

आकडा गृहीतकाविरुद्ध गेला की पहिली शंका पेनावर घ्यावी. ती फेडायला दहा मिनिटं लागतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवल्यावर ० ते ३-४ दिसलं पाहिजे. ३४२ च्या द्रावणात ३३५ ते ३४९ च्या मधे दिसलं पाहिजे, कारण या पेनांची जाहीर अचूकता साधारण ±२ टक्के असते. तसं दिसत नसेल तर मागच्या बाजूचा बारीक स्क्रू घड्याळजी वापरतात तसल्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवून आकडा जुळवता येतो. काही स्वस्त नमुन्यांत हा स्क्रू नसतोच. तिथे प्रत्येक नोंदीला ‘३४२ भागिले पेनाने दाखवलेला आकडा’ या गुणोत्तराने गुणायचं आणि तसं केल्याचं लिहायचं. मूळ आकडाही शेजारीच राहू द्यायचा.

एकाच बिंदूवर जुळला म्हणजे सगळीकडे जुळला असं नाही. म्हणून मिठाची उतरंड लावून बघावी. तव्यावर कोरडं केलेलं ५ ग्रॅम मीठ एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा एक लिटर करा; हे झालं ५०० पीपीएम. याचं अर्धं करत जा: २५०, मग १२५. पेनाचे आकडेही जवळपास अर्धे होत गेले पाहिजेत. थेट अर्धा ग्रॅम मीठ तोलायचा मोह टाळावा, कारण ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमला दोन टक्क्यांची चूक सहज होते. मीठ दमट असेल तर वजनात पाणीही धरलं जातं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. यातल्या बऱ्याच पेनांचा पडदा तीन आकडीच असतो. पाणी ९९९ च्या वर गेलं की कोपऱ्यात ‘×१०’ असं बारीक चिन्ह लुकलुकायला लागतं आणि १०२० पीपीएमच्या जागी १०२ दिसतं. मुलं १०२ लिहितात. मीठ वाढवत गेलो आणि टीडीएस एकदम दहापट कमी झाला, असा ‘शोध’ लागतो आणि आलेख टेकडीवरून दरीत कोसळतो. अचानक साधारण दहापटीची उडी दिसली की पहिल्यांदा हेच चिन्ह बघायचं. तसंच ज्या पेनांत पीपीएम, मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) आणि तापमान अशा तीन गोष्टी एकाच बटणावर बदलतात, तिथे चुकून मायक्रोसीमेन्स लिहिले जातात आणि गुणक ०.५ असेल तर आकडा बरोबर दुप्पट दिसतो. प्रत्येक नोंदीपुढे एकक लिहायची सवय असेल तर ही चूक वहीतच सापडते. एककाशिवायच्या नोंदी बाद धराव्यात, इतकं हे महत्त्वाचं आहे.

तापमान हा दुसरा चोर. पाणी एक अंश तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. दहा अंशांचा फरक म्हणजे ३०० चे ३६०. पेनावर ‘आपोआप तापमान दुरुस्ती’ लिहिलेलं असतं आणि ती असतेही, पण आतला तापमान मोजणारा भाग पाण्याइतका तापायला वेळ घेतो. गरम पाण्यात पेन बुडवून पाच सेकंदांत आकडा गोठवणारं ‘होल्ड’ बटण दाबलं तर दुरुस्ती अर्धवटच झालेली असते. सगळे नमुने एका मोठ्या परातीत साध्या पाण्यात उभे करून तासभर ठेवायचे, म्हणजे ते एकाच तापमानाला येतात. पेन बुडवल्यावर निदान अर्धा मिनिट थांबायचं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पिनांमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की आकडा खाली येतो. बुडवल्यावर पेन हलकेच ढवळून घ्यायचा. पेन रेषेपर्यंतच बुडवायचा आणि भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकवायचा नाही. कमी क्षाराच्या नमुन्यापासून जास्तीकडे जायचं आणि मधे दर वेळी डिस्टिल्ड वॉटरने विसळायचं, नाहीतर मिठाच्या पाण्याचा एक थेंब पुढच्या आरओच्या नमुन्याचं वाटोळं करतो. भांड्याला साबणाचा अंश राहिला तर आकडा चढतो. सेल उतरले की आकडे तरंगायला लागतात. बहुतेक पेनांत एलआर४४ चे दोन बटण सेल असतात. जोडी जवळ ठेवा.

एक गृहीतक, तीन निकाल

‘पाणी उकळल्यावर शुद्ध होतं, म्हणून त्याचा टीडीएस कमी होईल.’ हे गृहीतक इतक्या प्रकल्पांत असतं की पेनाची खरी परीक्षा यावरच घ्यावी. निकाल तीन प्रकारे येतो: कमी होतो, वाढतो किंवा होता तेवढाच राहतो. तिन्ही निकाल खरे असू शकतात.

उकळताना दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. पहिली, पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असेल तर ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तळाला बसतो. बंबात, गीझरमध्ये आणि किटलीत जमतो तोच. विरघळलेला पदार्थ कमी झाला, आकडा खाली. दुसरी, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, उरलेलं पाणी घट्ट होतं, आकडा वर. कोणती गोष्ट जिंकणार हे पाण्याच्या जातीवर आणि किती आटवलं यावर ठरतं.

हिशोब करून बघू. समजा विहिरीचं पाणी ६०० पीपीएम दाखवतंय. उकळल्यावर त्यातली कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला १०० मिग्रॅ कठीणता (साबणाला फेस येऊ न देणारे कॅल्शियमसारखे क्षार) साक्यात गेली, तर पेनाचा आकडा साधारण ९० ते १०० ने उतरायला हवा, म्हणजे ५०० च्या आसपास. पण तेवढ्यात एक लिटरचं ८०० मिली झालं असेल तर ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५. पातेल्याच्या तळाला साका डोळ्यांनी दिसतोय आणि पेन म्हणतोय टीडीएस वाढला! इथे मुलं आणि पालक दोघंही पेनावर चिडतात. पेन बिचारा खरं सांगतोय. साक्यात २०० मिग्रॅ गेले असते तर तोच हिशोब ५०० ते ५२५ वर येऊन थांबला असता आणि ‘गृहीतक सिद्ध झालं’ म्हणून सगळे खूश झाले असते, वाफेचा विचार न करताच.

मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ असतं. त्यात फुटायला बायकार्बोनेटच थोडं, त्यामुळे तिथे वाफेचाच विजय होतो आणि आकडा थोडा वाढतो. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर सापडतं, तिथे तो उतरायची शक्यता जास्त. समुद्राजवळच्या खाऱ्या बोअरचं पाणी असेल तर क्लोराइड उकळून कुठेही जात नाही. म्हणजे मुंबईतल्या आतेभावाचा निकाल आणि नगरच्या मामेबहिणीचा निकाल एकमेकांच्या उलट असतील, तर त्यात भांडण्यासारखं काही नाही.

कृती अशी ठेवावी. पातेलं पाण्यासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. उकळून, झाकून गार करा. पुन्हा तोला आणि जेवढं वजन घटलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालून मूळ वजनाला आणा. आता वाफेचा परिणाम बाद झाला. साका खाली बसू द्या, किंवा वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा, आणि मग मोजा. शेजारी त्याच पाण्याचं दुसरं पातेलं न उकळता तेवढाच वेळ झाकून ठेवलेलं हवं. तुलना त्याच्याशी करायची, सकाळी नळाखाली मोजलेल्या आकड्याशी करायची नाही. अशी निदान तीन-तीन स्वतंत्र पातेली हवीत. एकाच कपात तीनदा पेन बुडवून मिळालेले तीन आकडे म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. त्यातून फक्त पेन किती स्थिर आहे हे कळतं. न उकळलेल्या तीन पातेल्यांतच ५९२, ६००, ६०७ असा फरक असेल, तर उकळलेल्यांतला आठ-दहाचा फरक काहीच सांगत नाही. तिथे ‘फरक आढळला नाही’ असंच लिहायचं.

फरक लपवू नका, वाढवून बघा

इथे रॅले यांचं काम मुलांना जरूर सांगावं. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. १८९२ साली त्यांना दिसलं की हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियाच्या मदतीने मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतेत हजारात एक एवढा फरक येतोय. दोन्हींची घनता सारखी यायला हवी होती. एवढा बारीक फरक कुणीही मोजमापाची चूक म्हणून सोडून दिला असता. त्यांनी उलट तो फरक वाढतो का ते पाहिलं. आधीच्या कृतीत नायट्रोजनचा थोडाच भाग अमोनियातून येत होता आणि बाकीचा हवेतूनच. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून त्यांनी सगळा नायट्रोजन अमोनियातून मिळवला, आणि फरक हजारात एकवरून दोनशेत एकपर्यंत गेला. आता तो चूक म्हणून झटकता येण्यासारखा राहिला नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांच्यासोबत १८९४ मध्ये त्याचं कारण हाती लागलं: हवेत एक टक्क्याला थोडा कमी असा एक नवाच वायू होता, आर्गॉन.

पातेल्यावरही हेच करता येतं. उकळण्याचा वेळ ५, १०, २० आणि ४० मिनिटं ठेवा, दर वेळी वजन भरून काढा. फरकाचं कारण बायकार्बोनेट असेल तर आकडा उतरत जाईल आणि एका पातळीला येऊन थांबेल. कारण तापमान किंवा बुडबुडे असेल तर असा कुठलाच क्रम दिसणार नाही. कारण वाफ असेल तर वजन भरल्यावर फरकच नाहीसा होईल. तीन संशयित आणि प्रत्येकाची वेगळी खूण. जोडीला साध्या साबणाची परीक्षा घ्या (डिटर्जंट चालत नाही): साबणाच्या पाण्याचे थेंब मोजत हलवायचं आणि मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहायचं. उकळलेल्या पाण्याला कमी थेंब लागले तर कठीणता खरंच घटली. आता पेनाच्या शब्दाला दुसरा साक्षीदार मिळाला.

निकाल उलटा आला म्हणजे दर वेळी आर्गॉनच सापडतो असंही नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. त्यांनी आकडे उघड केले आणि इतरांना तपासायला सांगितलं. २०१२ मध्ये कारण सापडलं: एका फायबर ऑप्टिक केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी साधन, मग कृती, मग साधन आणि प्रश्न यांचा मेळ, आणि हे तिन्ही पार पडल्यावरच गृहीतकावर बोट ठेवायचं. यात एक पथ्य आहे आणि ते मोठी माणसंही पाळत नाहीत: निकाल गृहीतकासारखा आला तरी हीच तपासणी करायची. मनासारखा आकडा आला की ३४२ च्या द्रावणाची पुडी उघडायची नाही आणि विरुद्ध आला की तीनदा तपासायचं, असं केलं तर चुका फक्त एकाच बाजूच्या गाळल्या जातात.

तुरटी आणि शेवगा

या दोन प्रकल्पांत पेन मुलांना जवळजवळ नक्की निराश करतो, म्हणून वेगळं लिहितो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, तेव्हा टीडीएस कमी व्हायला हवा असं वाटतं. पेनावर तो थोडा वाढतो. तुरटीतले पोटॅशियम आणि सल्फेट पाण्यातच राहतात. ॲल्युमिनियम मातीचे कण गोळा करून खाली बसतं, पण तरंगणारी माती पेनाला आधीही दिसत नव्हती आणि आताही दिसत नाही. मात्रा मोजून द्यावी: १ ग्रॅम तुरटी १०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं ५ मिली एक लिटर पाण्याला, म्हणजे लिटरला ५० मिग्रॅ. एवढ्याने आकडा दहाच्या आसपास वर जातो. खडा हातात धरून ‘अंदाजे’ फिरवला की याच्या कितीतरी पट तुरटी जाते आणि तीन मुलांचे तीन निकाल येतात.

शेवग्याच्या बियांचंही तसंच. लिटरला साधारण १०० मिग्रॅ गराची पूड घातली तर त्यातली प्रथिनं गाळ खाली बसवतात, पण विरघळलेले क्षार काढत नाहीत. शिवाय बियांतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात, म्हणून असं पाणी साठवून ठेवू नये. दोन्ही प्रकल्पांत पेनाऐवजी गढूळपणा मोजावा. उंच, सपाट तळाच्या काचेच्या नळकांड्याखाली काळी फुली काढलेला कागद ठेवायचा आणि वरून बघत पाणी ओतत जायचं. फुली दिसेनाशी होते ती उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. फुकटात होतं आणि गृहीतकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं.

वहीत काय राहिलं पाहिजे

गृहीतक तारखेसह, मोजायच्या आधी लिहिलेलं हवं, आणि त्यात आकडा हवा: ‘टीडीएस कमी होईल’ यापेक्षा ‘निदान ५० ने कमी होईल’. शाईच्या पेनने लिहायचं, खोडरबर नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण. एखादी नोंद वगळायची तर कारण आकड्याशी संबंध नसलेलं असावं. ‘बुडबुडा दिसला, म्हणून पुन्हा बुडवलं’ हे चालतं. ‘इतरांशी जुळत नाही’ हे कारण होत नाही. निकाल बघून सुचलेलं नवं स्पष्टीकरण त्याच आकड्यांनी सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. त्याला ताजं पाणी आणि नव्या मोजण्या लागतात. ‘बायकार्बोनेटमुळे आकडा उतरला’ हे सुचलं असेल तर दुसऱ्या विहिरीचं पाणी आणायचं, त्याची साबण परीक्षा आधी घ्यायची, त्यावरून पेन किती उतरेल ते लिहून ठेवायचं आणि मगच उकळायचं.

अहवालात ‘गृहीतकाला दुजोरा मिळाला नाही’ असं सरळ लिहावं. मूळ गृहीतक बदलून, जणू आधीपासून तेच होतं असं दाखवू नये. परीक्षक तोंडी परीक्षेत ‘मग तुम्ही काय तपासलंत?’ असं विचारतात, आणि मिठाची उतरंड, भरून काढलेलं वजन, साबणाचे थेंब हे सांगू शकणारा मुलगा किंवा मुलगी तिथे ठाम उभी राहते. शिक्षकांना एक विनंती: गृहीतक चुकलं म्हणून गुण कापू नका. आकडे मुरडायची सवय तिथूनच लागते.

कुणी घेऊ नये

पाणी पिण्यायोग्य आहे का, एवढंच ठरवायला हा पेन घेऊ नये. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिग्रॅपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. पण जंतू पेनाला दिसत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचा त्रास आहे; त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिग्रॅ. एवढासा फरक ५०० च्या आकड्यात कुठे बुडाला हे कळणारही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा. प्रयोगशाळेचा टीडीएस आणि पेनाचा टीडीएस यांत फरक आला तर दचकू नका. तिथे पाणी गाळून, आटवून, सुकवून तोलतात, आणि सुकवताना बायकार्बोनेटचं वजन घटतं.

खरेदी करताना तापमान आणि मायक्रोसीमेन्स दोन्ही दाखवणारा, मागे जुळवणीचा स्क्रू असलेला आणि माहितीपत्रकात गुणक छापलेला नमुना निवडावा; थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मायक्रोसीमेन्समध्येच नोंदी ठेवल्या तर गुणकाचा घोळच उरत नाही. वर्गासाठी घेत असाल तर दोन पेन घ्या, एकाच नमुन्याचे, आणि दर वेळी दोन्ही एकाच ३४२ च्या द्रावणात बुडवून दोन्हींचे आकडे त्या दिवसाच्या पानावर सगळ्यात वर लिहा. पुडीचं द्रावण वापरून झालं की टाकून द्यायचं, बाटलीत परत ओतायचं नाही.